जॅक रसेल टेरियर घरी आणायचा विचार आहे : इंदूरचं ऊन, शाकाहारी स्वयंपाकघर, सासूबाई आणि मागची बाग

राजेंद्रनगरची_मैथिली

नमस्कार मंडळी. ह्यांच्या ऑफिसातल्या मित्राकडे जॅक रसेल टेरियरची पिल्लं झालीत, चार आहेत, आत्ता सहा आठवड्यांची असतील. त्यातलं एक आपण घ्यावं असं घरात जवळजवळ ठरलंय, मुलगा तिसरीत आहे, तो तर नावं काढून बसलाय. आमच्याकडे आधी पॉमेरियन होता, चांगला म्हातारा होऊन गेला, त्यामुळे घरात कुत्रं असायची सवय सगळ्यांना आहे, सासूबाईंनासुद्धा. आकाराने हाही तेवढाच होणार म्हणे, म्हणून मला वाटलं फार काही वेगळं नसेल. पण त्या मित्राची बायको फोनवर म्हणाली, वहिनी नीट विचार करून घ्या, हा पॉम नाहीये. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

घर तळमजल्यावर आहे, मागे छोटी बाग, लिंबू, अळू, सासूबाईंचा मोगरा, आणि तारेचं कुंपण. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. मे महिन्यात इथे काय तापतं ते इंदूरकरांना सांगायला नकोच. ज्यांनी ही जात पाळली आहे त्यांनी प्लीज मोकळेपणाने लिहा, चांगलं वाईट सगळं.

चंपीचे_बाबा

मैथिलीताई, त्या वहिनींनी अगदी खरं सांगितलंय. माझ्याकडे चंपी आहे, जॅक रसेल, आम्ही सुदामा नगरला राहतो. मोठं लिहितोय, सवडीने वाचा.

हे कुत्रं कशासाठी तयार केलं गेलं ते एकदा कळलं की त्याच्या निम्म्या उद्योगांचा उलगडा होतो. इंग्लंडात डेव्हन भागात जॉन रसेल नावाचा पाद्री होता (१७९५–१८८३), लोक त्याला जॅक म्हणायचे, आणि त्याला कोल्ह्याच्या शिकारीचं जबर वेड. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ साली त्याने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी टेरियर कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून ही सगळी पैदास पुढे चालली. शिकार अशी व्हायची की घोडेस्वार आणि मोठे हाउंड कुत्रे कोल्ह्याच्या मागे पळणार, कोल्हा दमला की बिळात शिरणार, मग ह्या छोट्या टेरियरला बिळात सोडायचं. त्याने आत जाऊन कोल्ह्याला मारायचं नाही, फक्त समोर उभं राहून इतकं भुंकायचं की कोल्हा वैतागून बाहेर पळेल, आणि नाहीच पळाला तर वरच्या माणसांना आवाजावरून कळावं की कुठे खणायचं. रंग मुद्दाम पांढरा ठेवला, म्हणजे गडबडीत हाउंडांनी त्यालाच कोल्हा समजू नये.

आता हे डोळ्यासमोर आणा. अंधाऱ्या बिळात एकटा कुत्रा, मालक वर, हुकूम द्यायला कोणी नाही, जे ठरवायचं ते त्याचं त्यानेच, आणि समोर त्याच्याएवढंच चिडलेलं जनावर. त्यात जो माघार घेत नव्हता त्याचीच पुढे पिल्लं काढली गेली, पिढ्यान् पिढ्या. त्यामुळे हा हट्टी नाही हो, हा स्वतःच्या डोक्याने चालणारा आहे. खणतो कारण त्याला त्यासाठीच घडवलंय. भुंकतो तेही त्याचसाठी. पॉमला दिवसभर तुमच्याजवळ बसायला मिळालं की तो खूश असतो, ह्याला दिवसभरात काहीतरी काम लागतंच, आणि तुम्ही नाही दिलंत तर तो स्वतः शोधतो, आणि ते काम तुमच्या सोफ्यात सापडतं.

आकार म्हणाल तर खांद्यापाशी उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. लांब पायांचा ३३ ते ३६ सेंटिमीटरचा असतो तो पार्सन रसेल, तो आता वेगळा धरतात. ब्रिटनच्या केनेल क्लबने जॅक रसेलला वेगळी जात म्हणून मान्यता दिली ती अगदी अलीकडे, २०१६ मध्ये. छाती इतकीच असावी की पुढच्या पायांच्या मागून दोन्ही हातांच्या पंजात मावली पाहिजे, कारण बिळात शिरायचंय. चंपीला मी अशी उचलतो तेव्हा हाताला कळतं की एवढ्याशा पिंजऱ्यात किती जोर भरलाय.

आणि ती खणते कशी ते सांगतो. आधी नाक मातीला टेकवून जोरात फुंकर मारते, फुस्स करून, धूळ उडते. मग पुढचे दोन्ही पाय एकामागून एक इतके भराभर चालतात की दिसतच नाहीत, माती तिच्याच मागच्या पायांमधून मागे सरकत जाते, आणि मधेच एकदम थांबते, मान वाकडी करून खड्ड्याकडे ऐकत राहते. मग पुन्हा सुरू. तुमचा मोगरा कुंडीत हलवा ताई, आजच. आणि तारेच्या कुंपणाखालून ती दहा मिनिटांत पलीकडे जाईल, त्यामुळे कुंपणाच्या बुडाशी जाळी आतल्या बाजूला फूटभर वळवून मातीत पुरून घ्या, वरून फरशीचे तुकडे ठेवा. वरूनही जपा, ह्यांची उडी उंचीच्या मानाने फारच मोठी असते.

एवढं सगळं सांगूनही मी म्हणेन, घ्या. इतका जिवंत प्राणी घरात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण हे सगळं आधी कळलेलं असू द्या.

अनुश्री_बडोदा

बाबा, किती छान लिहिलंय. एक विचारू का, एचएमव्हीच्या तबकडीवर जो कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असायचा तो हाच का? आमच्या आजोबांकडे नाट्यसंगीताच्या तबकड्यांचं पेटारं होतं, त्या कुत्र्याचं चित्र बघतच आम्ही मोठे झालो.

चंपीचे_बाबा

हो अनुश्रीताई, तोच धरा. त्याचं नाव निपर. ब्रिस्टलला १८८४ मध्ये जन्मला, १८९५ मध्ये गेला. शुद्ध जॅक रसेल नव्हता, टेरियरांचं मिश्रण होतं, पण अंगात ह्या रक्ताचा अंश होता असं सांगतात. फ्रान्सिस बरो नावाच्या चित्रकाराने तो गेल्यावर त्याचं चित्र काढलं, आधी त्यात मेणाच्या नळकांड्यांवर चालणारा फोनोग्राफ होता, मग ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं तेव्हा त्यावर ग्रामोफोन रंगवला. त्या चित्रातली मान बघा, किंचित तिरकी आणि कान पुढे. चंपी खड्ड्यात ऐकते तेव्हा अगदी तश्शीच बसते.

टिळकनगरचे_आजोबा

मी जरा विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नये. बेटा मैथिली, तू लिहिलंस त्यावरून घरात दिवसा कोण असतं? नवराबायको नोकरीला, मुलगा शाळेत, म्हणजे राहिल्या सासूबाई. त्यांच्या वयाला हे वादळ झेपणार का? आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ह्याच जातीचं होतं, दिवसभर एकटं, लिफ्टचा आवाज झाला की भुंकायचं, शेवटी कंटाळून त्यांनी ते कुणाच्या तरी फार्महाउसवर देऊन टाकलं. कुत्र्याचा काय दोष? थंड देशातली, शिकारीसाठी काढलेली जात आपण माळव्याच्या उन्हात फ्लॅटमध्ये आणून बांधतो हे मला पटत नाही. गल्लीतलं देशी पिल्लू घ्या, इथल्या हवेला सरावलेलं असतं, शिवाय एका जिवाला घर मिळतं. माझी दोन्ही कुत्री देशी आहेत, वाघासारखी राहतात.

लोकमान्यनगर_वाडा

आजोबांचं देशीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण टेरियरची बाजूही ऐका. आमच्या जुन्या घरात घुशींनी उच्छाद मांडला होता, मागच्या अंगणातल्या फरश्या खालून पोखरून टाकल्या, पिंजऱ्यात येत नाहीत, मांजर त्यांच्या वाटेला जात नाही. भाऊ बदलीमुळे त्याचा जॅक रसेल काही महिने आमच्याकडे ठेवून गेला, आणि त्याने जे काम केलं ते बघून आम्ही थक्क झालो. तासन् तास एका भोकापाशी न हलता उभा, एक पुढचा पाय उचललेला. घूस बाहेर आली की मानेला पकडून एक झटका, बस्स. खाल्लं कधी नाही, टाकून द्यायचा आणि पुन्हा भोकापाशी. आता फरश्या शाबूत आहेत. मी तर म्हणतो बाग आहे तर घ्याच.

डॉक्टर_महूकर

मी पशुवैद्य आहे, शिकलो महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात, आता इंदूरला प्रॅक्टिस करतो. वाड्यावाले दादा, तुमचा अनुभव खरा आहे, घूस मारण्यात टेरियरचा हात कोणी धरणार नाही, पण ते वाचून कोणी मुद्दाम कुत्रं घुशींवर सोडू नये म्हणून लिहितोय.

घुशी-उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, पावसाळ्यात जास्त. कुत्र्याला ताप, उलट्या, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं, लिव्हर किडनी दोन्ही बसतात, आणि तो माणसालाही होतो. त्यामुळे ज्यांच्याकडे टेरियर आहे त्यांनी लेप्टोची लस दरवर्षी चुकवायची नाही, आपल्याकडच्या वार्षिक लशीत बहुधा ती असतेच, डॉक्टरांना विचारून खात्री करा. दुसरं, उंदराचं विष. शेजाऱ्याने वडी ठेवली, घुशीने खाल्ली, ती घूस तुमच्या कुत्र्याने तोंडात धरली किंवा खाल्ली, किंवा त्याने वडीच खाल्ली. आता बाजारात मिळतात त्यातली बरीच विषं रक्त गोठू देत नाहीत, आणि लक्षण लगेच दिसत नाही, तीन ते पाच दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून रक्त, धाप, एकदम गळून जाणं. ह्याला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो आणि लवकर सुरू झाला तरच. तेव्हा वडी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी कुत्रा ठीक दिसतोय म्हणून थांबू नका, वडीचं पाकीट बरोबर घेऊन या.

तिसरं म्हणजे बेडूक. पहिला पाऊस पडला की बागेत भेक, म्हणजे खरबरीत कातडीचे विषारी बेडूक, निघतात, टेरियर तोंडात धरतो आणि फेस काढत पळत येतो. तोंड खाली झुकवून बाजूने पाण्याची धार सोडायची, पाणी घशात जाऊ द्यायचं नाही, आणि थरथर किंवा झटके दिसले तर तडक दवाखाना.

राजेंद्रनगरची_मैथिली

बापरे, किती माहिती. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आजोबा, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, राग कसला. मी घरूनच काम करते, आठवड्यातून एखाद्या दिवशी ऑफिस, त्यामुळे एकटं राहणार नाही. काळजी आहे ती सासूबाईंची, त्या पंच्याहत्तरीच्या आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, अंगावर उडी मारली किंवा पायात आलं तर? आणि डॉक्टरसाहेब, खाण्याचं सांगाल का, आमचा पॉम दूध-पोळी खाऊन जगला. आणि ऊन.

डॉक्टर_महूकर

ताई, पॉम जगला ह्याचा आनंद आहे, पण दूध-पोळी हे पूर्ण अन्न नाही. हिशेब बघा, सहा किलोच्या चळवळ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात. बिनतुपाची एक मध्यम पोळी १०० च्या आसपास जाते, म्हणजे सासूबाईंनी प्रेमाने दोन पोळ्या भरवल्या की अर्धा कोटा संपला आणि प्रोटीन जवळजवळ काही नाही. कुत्रा लठ्ठ होतो, पण अंगाला काही लागत नाही. शिवाय बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, दही चालतं.

पिल्लू वाढीच्या वयाचं आहे तोवर घरगुती शाकाहारी प्रयोग करू नका. कॅल्शियम, फॉस्फरस, अमिनो आम्लं ह्याचं गणित घरच्या खिचडीत जुळत नाही. लहान जातीच्या पिल्लांचं चांगलं पॅकेटबंद कोरडं खाणं आणा, त्याला ना शिजवणं ना स्वयंपाकघर, मागच्या व्हरांड्यात डबा, वेगळा वाडगा, सोवळं-ओवळं काही आड येत नाही. आधी दिवसातून चार वेळा, मग तीन, सहा महिन्यांनंतर दोन. मोठं झाल्यावर शाकाहारीच ठेवायचं असेल तर संतुलित तयार शाकाहारी खाणं मिळतं, पण तेव्हा भेटून ठरवू.

काय द्यायचं नाही ते मात्र घरात सगळ्यांना पाठ पाहिजे, पाहुण्यांनासुद्धा. कांदा आणि लसूण, कच्चा असो शिजवलेला असो, म्हणजे सकाळचे पोहे बंद, कचोरी बंद. द्राक्षं आणि मनुके, ह्याने किडनी जाऊ शकते, प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके लोक विसरतात. चॉकलेट. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगगम.

ऊन. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. टेरियरला खेळताना भान राहत नाही, तो थांबणार नाही, तुम्हाला थांबवावं लागेल. एप्रिल ते जून सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता गार झाल्यावरच फिरवा. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात-आठ सेकंद टेकवा, टेकवत नसेल तर पंजेही टेकवत नाहीत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ डिग्री असतं, ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात. जोरजोरात धाप, चिकट लाळ, हिरड्या लालभडक, तोल जाणं, उलटी, असं दिसलं की आधी सावलीत घेऊन अंगभर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. पांढऱ्या, विरळ केसांच्या कुत्र्याचं नाक, कानाची टोकं, पोट उन्हाने भाजतंही.

लशी : डिस्टेंपर-पार्व्हो ह्या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची पहिली सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग दरवर्षी. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. गोचीड बारा महिने बघायचे, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, गोचीड तापाची कुत्री आमच्याकडे येतच असतात, आणि पावसाळ्यात तर रांग लागते.

ओवी_स्नेहलतागंज

मी कुत्र्यांना ट्रेनिंग देते, सासूबाईंच्या प्रश्नावर लिहिते. पिल्लू उडी मारतं ते तोंडापर्यंत पोचायला, आणि आपण “अरे नको नको” म्हणत हाताने ढकलतो, त्याला वाटतं खेळ सुरू झाला. पहिल्या दिवसापासून घरात एकच नियम, चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात लागेल, खाऊ मिळेल, बोललं जाईल. उडी मारली की नुसतं उभं राहायचं, वळायचं, नजर द्यायची नाही. सासूबाईंनी खुर्चीत बसूनच त्याला त्याच्या कोरड्या खाण्याचे दाणे द्यायचे, दाणा हातात नाही तर खाली पायाशी टाकायचा, म्हणजे त्यांच्याजवळ आलं की ते खाली बघतं. आणि चालायच्या वाटेत, देवघरापासून बाथरूमपर्यंत, एक बेबीगेट लावा, पहिले सहा महिने तरी. गुडघेदुखीच्या माणसाला पायात पिल्लू येणं ही गंभीर गोष्ट आहे, फक्त शिकवण्यावर विसंबू नका.

मुलासाठी, कुत्रा खाताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही. पाठलागाचा खेळ नाही, कारण पळणारी गोष्ट धरायची हे ह्याच्या रक्तात आहे आणि ते टाचा धरणार. तोंडातली वस्तू ओढून घ्यायची नाही, तिच्या बदल्यात दुसरी द्यायची आणि “सोड” म्हणायचं. हा शब्द ज्या टेरियरला येतो त्याचा जीव एखाद्या दिवशी त्यानेच वाचतो, वरचं विषाचं वाचलंत ना.

आता बाबा म्हणाले त्या कामाबद्दल. बागेच्या एका कोपऱ्यात चार बाय तीन फुटांचा वाळूचा हौद करा, विटा लावून. त्यात खेळणी, दाण्यांनी भरलेलं रबरी खेळणं पुरा आणि त्याच्यासमोर तुम्हीच थोडं उकरून दाखवा. इतर ठिकाणी खणलं की ओरडायचं नाही, उचलून हौदात आणायचं. खणणं बंद होत नसतं, त्याची जागा बदलता येते. उन्हाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा जुना टॉवेल पसरून त्यावर दाणे टाका, गुंडाळी करा, गाठ मारा आणि द्या. नाकाने शोधत शोधत सोडवायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि ते चेंडूमागे पळण्याइतकंच दमतं, शिवाय शांत होतं. चेंडू फेकत राहिलं की उलट जास्त चेकाळतं.

बागेबाहेर पट्टा सोडायचा नाही. कितीही शिकवलेलं असू दे, खार दिसली की ह्याचे कान बंद होतात. मानेचा पट्टा नको, छातीचा हार्नेस, कारण गल्लीतली कुत्री अंगावर आली तर हँडलने वर उचलता येतं. आणि हा माघार घेणार नाही हे लक्षात ठेवा, समोर चौपट मोठा असला तरी. म्हणून वाट आपण बदलायची.

टिळकनगरचे_आजोबा

ओवीताईंचं वाचून समाधान वाटलं. मैथिली घरी असते म्हटल्यावर माझा मोठा आक्षेप गेला. ऊन आणि एकटेपणा ह्या दोनच गोष्टींची मला धास्ती होती. तरी एक सांगतो, दोन महिने पूर्ण व्हायच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. सरकारी नियमही तोच आहे, २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. भावंडांत राहिलं की कुणाला किती जोरात चावायचं ते त्यांचं तेच शिकतं.

चंपीचे_बाबा

आजोबांना अनुमोदन. थोडं इथलं राहिलं ते लिहितो. कचरागाडीचं गाणं लागलं की चंपी आधी घर डोक्यावर घ्यायची, आम्ही गाणं लांबून ऐकू आलं की लगेच तिच्या गादीवर दाणे टाकायला लागलो, आता गाणं लागलं की ती गादीकडे पळते. पिल्लाचा हा ऐकण्या-बघण्याचा काळ चौदा आठवड्यांपर्यंतच असतो, लशी पूर्ण व्हायच्या आधी जमिनीवर सोडता येत नाही तर कडेवर घेऊन फिरवा, राजवाड्याची गर्दी, टेम्पो, बँड, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं लांबून दाखवा.

रंगपंचमीला गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी आम्ही तिला मागच्या खोलीत ठेवतो, पंखा, रेडिओ, एक भरलेलं खेळणं. पांढरं कुत्रं दिसलं की पोरांना रंग टाकायचा मोह होतो, आणि तो रंग ती चाटणार. दिवाळीतही तेच, आणि फटाके सुरू व्हायच्या आधी फिरवून आणा. आणि पिशवी खिशात ठेवल्याशिवाय बाहेर पडू नका, ह्या शहराने स्वच्छतेसाठी एवढं केलंय, आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलायची.

केस कमी म्हणून गळत नाहीत असं समजू नका. आखूड पांढरे केस सोफ्यात सुईसारखे रुततात. एक दिवसाआड रबरी ब्रश. खरखरीत केसांचं पिल्लू असेल तर मशीन लावून भादरू नका, मेलेले केस हाताने उपटून काढायचे असतात, शिकून घेता येतं.

राजेंद्रनगरची_मैथिली

काल आम्ही सगळे पिल्लं बघून आलो, सासूबाईसुद्धा आल्या. दोन जवळजवळ पूर्ण पांढरी आहेत, एकाच्या डोळ्यावर तपकिरी ठिगळ, आणि एक मादी डोकं काळं-तपकिरी असलेली. मुलाला डोळ्यावर ठिगळवालं आवडलं, ते सारखं बुटाच्या नाड्या ओढत होतं. मादी आधी लांब बसून बघत राहिली, मग सासूबाईंच्या पायाशी येऊन त्यांच्या लुगड्याचा काठ हुंगला आणि तिथेच बसली. डॉक्टर, पूर्ण पांढरी पिल्लं बहिरी असू शकतात असं कुठेतरी वाचलं, खरं का? आणि मित्राला आणखी काय विचारू?

डॉक्टर_महूकर

ह्या जातीत जन्मजात बहिरेपणा असू शकतो आणि पांढरा रंग जास्त असेल तर शक्यता वाढते, पण पांढरं म्हणजे बहिरं असं अजिबात नाही. पिल्लू गाढ झोपलेलं असताना त्याच्या मागे, हवेचा झोत किंवा जमिनीचा हादरा लागणार नाही अशा बेताने किल्ल्या वाजवा. कान हलले, जागं झालं तर निदान एका कानाने ऐकतं.

मित्राला आईवडिलांच्या डोळ्यांबद्दल जरूर विचारा. ह्या जातीत डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक रोग आहे, तो बहुतेक तीन ते आठ वर्षांच्या वयात उफाळतो. डोळा एकदम लाल, दुखरा, धुरकट, सारखा मिटलेला, असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, काही तासांत दृष्टी जाऊ शकते. ह्याची जनुकीय चाचणी असते, आईवडिलांची केलेली असेल तर उत्तम, नसेल तर मोठं झाल्यावर दर वर्षी डोळे तपासून घ्या. गुडघ्याची वाटीही सरकते, चालता चालता मागचा एक पाय दोन-चार पावलं उचलून धरतं आणि पुन्हा टेकवतं, लोकांना गंमत वाटते, पण ते दाखवायचं. पाच ते आठ महिन्यांत मागच्या पायाने सतत लंगडायला लागलं तर खुब्याचा एक्सरे. सहा-सात महिन्यांत दुधाचे सुळे पडले की नाही ते बघा, नाही पडले तर काढावे लागतात.

हे वाचून घाबरू नका. सांभाळलं तर ही कुत्री तेरा ते सोळा वर्षं आरामात जगतात.

ओवी_स्नेहलतागंज

मैथिली, मी तुझ्या जागी असते तर ती मादी घेतली असती. नाड्या ओढणारं वाईट नाही, ज्या घरात धावणारी दोन तरुण माणसं आहेत तिथे ते सोनं होईल. पण तुमच्या घरात गुडघेदुखीच्या आजी आहेत आणि जे पिल्लू आधी बघतं, मग जवळ येतं, ते त्यांना झेपेल. पुन्हा एकदा जाऊन ये, दुसऱ्या वेळी, पिल्लं झोपेतून उठल्यावर, आणि ती तेव्हाही तशीच वागते का बघ. घाबरून लांब बसलेली असेल तर वेगळं, शांतपणे बघत असेल तर वेगळं. शेपटी बघ, पायात असेल तर विचार कर.

राजेंद्रनगरची_मैथिली

आज पुन्हा जाऊन आले, एकटीच गेले होते. शेपटी वर होती, किल्ल्यांना कान लगेच हलले, आणि मी बसल्यावर स्वतःहून आली. तीच घेतोय, नऊ आठवडे पूर्ण झाल्यावर. आईच्या डोळ्यांची चाचणी केलेली नाही, मित्र म्हणाले खर्च अर्धा अर्धा करू आणि आईची आता करून घेऊ, म्हणजे बाकीची पिल्लं घेणाऱ्यांनाही कळेल. मुलाचा चेहरा जरा उतरला होता, पण वाळूच्या हौदाचं काम त्याला दिलंय, विटा मोजतोय. कुंपणाची जाळी ह्या रविवारी. मोगरा कुंडीत गेला.

बाबा, हार्नेस आत्ताच आणून ठेवू का, साइज कुठली?

चंपीचे_बाबा

आत्ता आणू नका, महिन्याभरात लहान होईल. घरी आली की पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर टेपने मोजा, दोन बोटं आत जातील एवढा ढिला, आणि दोन्ही बाजूंनी कमी-जास्त होणारे पट्टे असलेला घ्या. मोठेपणी घेर ४०-४३ सेंटिमीटरच्या आसपास जातो, तेव्हा पाठीवर हँडल असलेला दुसरा. आत्ता फक्त एक गादी, दोन वाडगे, तो रबरी ब्रश, आणि मित्राकडून पिल्लांच्या खालचं एखादं न धुतलेलं फडकं मागून आणा, पहिल्या रात्री तिच्या गादीत ठेवायला.